चेंबर नंबर तीन

सावद्याला स्टेशन रस्त्यावर आमचं केळी पिकवायचं चेंबर.
हिरव्या फण्या आत, तापमान अठरा,
गॅस सोडायचा, दार लावायचं,
चोवीस तास हात लावायचा नाही.
दहा हजार भाग हवेत एक भाग गॅस, बस.
नव्या पोरांना पटत नाही,
इतक्याशानं अख्खी गाडी पिवळी होते म्हणून.

पटायचं मलाही नाही,
पण ते दुसऱ्या आकड्यांबद्दल.

दोन वर्षं लीनाला भुसावळला नेलं.
पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त, एकविसाव्या दिवशी रक्त,
थायरॉइडचं, प्रोलॅक्टिनचं, आणि एक असं
ज्याचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
चहासुद्धा न घेता बसायची बाकड्यावर.
कोपराच्या आत डाग पडले,
केळीचा चीक धुतल्यावरही राहतो तसे.
झांबरे डॉक्टर आकड्यावर पेन टेकवायचे :
ठीक आहे. हेही ठीक.
ठीक, ठीक ऐकून ती एकदा
जिन्यातच रडली.

कानबाई बसली त्या वर्षी
आईनं रोट तिच्या हातून लाटून घेतले,
तेवढ्यापुरता चांगुलपणा.
मागल्या दारी मावशीला म्हणालीच,
“केळीले बी नसते तरी बुडाशी पील फुटते वं.”
लीना परात घासत होती.
पाणी आधी थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. तुमचं?
मी हसलो. दंड टेबलावर होते माझे,
पाच वर्षं फैजपूरच्या जिममध्ये घडवलेले,
शर्टाची शिवण ताणून.

छोटी खोली, प्लास्टिकची डबी,
भिंतीवर खतकंपनीचं कॅलेंडर.
रिपोर्टात एकच शब्द : निरंक.
रक्तात मात्र टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या दुप्पट.
मला वाटलं, हे तर चांगलंच की.

“इंजेक्शनं घेता?”
हितेश देतो, ताकदीची. सोमवारी आणि गुरुवारी.
तेलकट असतात, बसताना दुखतं.

डॉक्टरांनी कागदावर वाटाण्याएवढा गोल काढला.
ही डोक्यातली ग्रंथी. हिच्याकडून खाली निरोप जातो :
बनवा.
रक्तात बाहेरचाच माल भरपूर दिसला
की ती निरोप पाठवत नाही.
खालचे बिचारे बसून राहतात,
हळूहळू आकसतात.
हे दोन आकडे बघा, म्हणाले, निरोपाचे.
बघितले. जवळजवळ नव्हतेच.

बाहेरून पिकवलंत, असं काही ते म्हणाले नाहीत.
ते मीच मला म्हणालो.

तापीच्या पुलावर लीनानं गाडी थांबवायला लावली.
खाली पात्रात खडक, एक म्हैस, ऊन.
“माझ्या अडतीस सुया. तुझ्या किती?”
मी मोजल्या. पाच वर्षं, आठवड्याला दोन.
मध्येमध्ये सोडलं, ते वजा.
आकडा सांगितला नाही.
तिनं पदर तोंडावर घेतला. वाटलं रडते, तर
हसत होती, वाईट हसत होती.
“आईला तू सांगायचं. मावशी असताना.”

सांगितलं. मावशी असताना.
आई बराच वेळ चष्मा पुसत राहिली,
मग म्हणाली, “हितेश कोन? कोनाचा पोरगा?”
जणू त्याच्या घरी जाऊन
काही परत मागता येणार होतं.

आता सातवा महिना. सुया बंद.
डॉक्टर खात्री देत नाहीत,
सहा महिने, वर्ष, कधी जास्तही.
संध्याकाळी कारण नसताना चिडतो,
सकाळी अंग उचलत नाही.
मागच्या खेपेला निरोपाचा आकडा थोडा हलला,
चुकूनही हललेला असेल.

रात्री चेंबरच्या दाराला कान लावतो.
आत काही ऐकू येत नाही, कधीच येत नव्हतं.

दंड ओसरले. शर्ट लोंबतात.
लीना बाह्या आत घेते आहे,
दोरा दातानं तोडत.
कात्री बाजूला पडलेली.
“कापत नाहीये,” म्हणते, “दुमडून ठेवतेय.”